हैराण आणि हैरान

‘हैराण’ हा मराठीतला अगदी घरगुती शब्द आहे. डास रात्रभर हैराण करतात. दिवसातून दहा वेळा वीज गेली की पिठाची गिरणी चालवणारा हैराण होतो, आणि खेळण्यासाठी हट्ट धरून बसलेल्या पोरापुढे आई हैराण होते. कोणत्याही मराठी माणसाला अर्थ विचारला तर तो सांगेल: त्रासून गेलेला, पिच्छा न सोडणाऱ्या गोष्टीने पुरता दमलेला. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात मात्र हा शब्द दोन अर्थांनी ऐकू येतो. मराठी गिऱ्हाईक ‘हैराण झालो’ म्हणतो तेव्हा तो त्रासलेला असतो. त्याच दुकानात उर्दू बोलणारा कोणी ‘मैं तो हैरान रह गया’ म्हणतो तेव्हा तो बहुधा थक्क झालेला असतो. शब्द एकच, फरक फक्त ‘ण’ आणि ‘न’चा. पण त्या फरकामागे काही शतकांचा इतिहास आहे.

शहागंज ही जुन्या शहराची बाजारपेठ. ‘गंज’ म्हणजे बाजार किंवा कोठार, तेव्हा नावातच धंदा आला. चौकात निजामकाळातला घड्याळाचा मनोरा आहे आणि 1720 च्या सुमारास बांधलेली मोठी मशीद आहे. भोवती कापडाची, फळांची, किरकोळ सामानाची दुकाने आणि हातगाड्या. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी म्हणून वसवलेल्या या शहराला औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना 1653 मध्ये औरंगाबाद हे नाव मिळाले. पुढे निजामाची राजधानी 1763 मध्ये हैदराबादला जाईपर्यंत इथेच होती, आणि राजधानी गेली तरी निजामाचा अंमल 17 सप्टेंबर 1948 पर्यंत टिकला. इतक्या काळात दरबाराची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू, घराघरांत मराठी आणि दखनी, आणि बाजारात या सगळ्यांचा काला. एका भाषेतला शब्द दुसरीत जाऊन अर्थ कसा बदलतो हे पाहायला याहून सोयीची जागा मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

‘हैरान’ मूळचा अरबी. त्याच्या धातूचा अर्थ नजर दिपणे, वाट न सुचणे, कुठे जावे हे न कळल्यामुळे जागच्या जागी थबकणे. कुराणात हा शब्द एकदाच येतो, सहाव्या सूरेत. तिथे तो रानात भरकटवल्या गेलेल्या, सोबती हाका मारत असूनही वाट न सापडणाऱ्या माणसासाठी वापरला आहे. म्हणजे हैरान माणसाला मुळात कोणी छळत नाही. तो वाट चुकलेला असतो. याच धातूपासून ‘हैरत’ आणि ‘तहय्युर’ हे शब्द तयार झाले. अरबीतून हे कुळ फारसीत गेले आणि तिथे सूफींच्या हाती पडले. सूफींनी या गोंधळलेपणाला फार वरचे स्थान दिले. फरीदुद्दीन अत्तारच्या ‘मन्तिकुत्तैर’ या काव्यात पक्ष्यांना सात दऱ्या ओलांडायच्या आहेत, आणि त्यांतली सहावी, शेवटच्या मुक्कामाच्या अलीकडची, हैरतची दरी आहे. तिथे पोचलेल्याला आपण आहोत की नाही हेही सांगता येत नाही.

हा अर्थ औरंगाबादला परका नव्हता. 1715 च्या सुमारास इथे जन्मलेला आणि 1763 मध्ये इथेच वारलेला कवी सिराज औरंगाबादी याच्या सर्वांत प्रसिद्ध गझलेच्या पहिल्याच ओळीत ‘तहय्युर’ हा शब्द आहे. प्रेमाने आलेल्या हैरतीची वार्ता असा त्या ओळीचा विषय. आबिदा परवीन यांच्यासारख्या गायिकेने ती गझल दूरदूर नेली, आणि ती ऐकणाऱ्या कितीतरी जणांना कवीच्या नावातले औरंगाबाद कुठले याचा पत्ताही नसतो. सिराजच्या चरित्रात असे सांगितले जाते की तरुण वयात काही वर्षे त्याचे भान हरपले होते आणि तो खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती भटकत असे. त्याच्या घरच्यांनी याला वेड म्हटले असणार. त्याच्या परंपरेत त्याला हैरत हे नाव होते.

मराठीने शब्द घेतला आणि हे सगळे मागे सोडले. मराठी हैराणात दरी नाही, प्रेम नाही, वाट चुकणेही नाही. उरला आहे तो फक्त त्रास. हिंदी-उर्दूतही ‘हैरान करना’ म्हणजे सतावणे हा अर्थ आहेच, आणि गुजरातीत तर तोच मुख्य आहे. उत्तरेत मात्र दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. मराठीने त्यांतला एकच ठेवला. यामागे दोन कारणे दिसतात. एक तर आश्चर्यासाठी मराठीला शब्दांची वाण नव्हती. थक्क, चकित, अवाक् होते. गोंधळासाठी भांबावणे, गांगरणे, बावचळणे, बुचकळ्यात पडणे होते. घरात भरपूर असलेली वस्तू कोणी बाजारातून आणत नाही. दुसरे कारण शब्द कोणाच्या तोंडून आला याच्याशी जोडलेले आहे. सामान्य मराठी माणसाला फारसी भेटली ती शायराकडून कमी आणि सारा वसूल करणाऱ्या अंमलदाराकडून, छावणीतल्या शिपायाकडून, कचेरीतल्या कारकुनाकडून जास्त. वसुली, तगादा, जप्ती, दरखास्त, पेशी अशी जी शब्दांची रांग मराठीत आली, तिच्यात हैराण अगदी शोभून दिसतो.

त्यामुळे गल्लत होते. ‘मासूम’ या 1983 च्या हिंदी चित्रपटात गुलजार यांनी लिहिलेल्या एका फार गाजलेल्या गाण्यात ‘हैरान’ हा शब्द ठळकपणे येतो. मराठी कानाला तिथे आयुष्याने छळलेला माणूस ऐकू येतो. कवीला अभिप्रेत आहे तो आयुष्याच्या प्रश्नांनी बुचकळ्यात पडलेला माणूस. गाणे दोन्ही अर्थांनी भिडते, ही त्याची पुण्याई. पण उर्दू गझलेचे मराठी भाषांतर करताना ‘हैरान’साठी डोळे झाकून ‘हैराण’ लिहिले की शेराचा अर्थच उलटतो. अशी भाषांतरे छापलेलीही आढळतात.

आता त्या ‘ण’विषयी. फारसीत ‘ण’ नाही. तरी मराठीने हैरानचे हैराण केले, जसे कुरानचे कुराण, ईरानचे इराण आणि वीरानचे वैराण. या चारही शब्दांत शेवटच्या अक्षराआधी ‘रा’ आहे. संस्कृतात र-कारानंतर ‘न’चा ‘ण’ होतो, आणि पुराण, प्राण, प्रमाण अशा शब्दांनी मराठी जिभेला ते वळण आधीच लावलेले होते. दुकान, मैदान, सामान, फर्मान हे शब्द मात्र ‘न’ घेऊनच राहिले. निशाण या हिशोबात बसत नाही, पण जिभेला असले हिशोब पक्के ठेवायची सवय नसते. वैराण आणि हैराण यांचे यमक मराठीत फार कामी आले आहे. पाऊस नसलेल्या मुलखात दोन्ही शब्द एकाच वाक्यात लागतात.

मराठीतल्या वापराकडे बारकाईने पाहिले की हैराण हा शब्द काही अटी घालतो असे दिसते. पहिली अट, त्रास देणारे कोणीतरी बाहेर हवे. ‘डासांनी’, ‘तगाद्याने’, ‘पोरांनी’, ‘खड्ड्यांनी’ असे तृतीयेतले एक पद या शब्दाआधी येते, आणि आले नाही तरी ऐकणारा ‘कशाने?’ असे विचारतो. दुसरी अट पुनरावृत्तीची. एकदा डास चावला म्हणून कोणी हैराण होत नाही. घरात मृत्यू झाला, घर पडले, अपघात झाला, तर त्या माणसाला हैराण म्हणणे विचित्र वाटेल. त्यासाठी कोसळला, खचला, उद्ध्वस्त झाला हे शब्द आहेत. हैराण होण्यासाठी लहानशी गोष्ट पुन्हा पुन्हा घडावी लागते. नळाला पाणी केव्हा येणार याची वाट पाहत हंडे मांडून बसणे, एका दाखल्यासाठी चार खिडक्या आणि सहा चकरा, हे हैराण करते. शहराला जायकवाडीचे पाणी काही काही दिवसांच्या अंतराने मिळते, आणि त्या बातमीच्या मथळ्यात ‘नागरिक हैराण’ ही जोडी ठरलेली असते. तिसरी अट जराशी सूक्ष्म आहे. हैराण माणूस हरलेला नसतो. तो चिडतो, बोलतो, गाऱ्हाणे सांगतो. ‘हैराण केलंय नुसतं’ या वाक्यात थकव्याइतकाच वैतागही असतो, आणि आई लेकराबद्दल हे बोलते तेव्हा त्यात कौतुकही डोकावते. थट्टेत हा शब्द सहज चालतो. मरणाच्या दारी तो चालत नाही.

शब्द विशेषण असला तरी नामाच्या आधी तो फारसा बसत नाही. ‘हैराण माणूस आला’ असे कोणी म्हणत नाही. होणे आणि करणे या दोन क्रियापदांशीच त्याचे खरे नाते. लिंग-वचनाने तो बदलत नाही. नामरूप ‘हैराणी’ ऐकू येते, पण कमी.

त्रास वाढत गेला की मराठी माणूस ‘बेजार’कडे वळतो. हाही फारसी. मूळ अर्थ विटलेला, एखाद्या गोष्टीची शिसारी येऊन तिच्यापासून दूर झालेला. उर्दूत माणूस जगण्यापासून, दुनियेपासून, कधी प्रेमापासूनही ‘बेज़ार’ होतो. वाक्यात तिथे ‘से’ येते. मराठीत मात्र माणूस खोकल्याने बेजार, पित्ताने बेजार, उकाड्याने बेजार. वाक्यात ‘ने’ येते. विभक्तीतल्या या बदलाने सारे चित्र पालटते. उर्दूतला बेज़ार स्वतः तोंड फिरवतो. मराठीतल्या बेजाराला तोंड फिरवायचेही त्राण उरलेले नसते. आणि हैराण प्रामुख्याने मनाला लागतो तसा बेजार देहाला लागतो. म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाला बेजार म्हणतात, हैराण म्हटले तर ते दुखणे किरकोळ वाटू लागते.

‘हवालदिल’ची जन्मकथा याहून रंजक आहे. त्याचा ‘हवाला’शी किंवा ‘हवालदारा’शी काही संबंध नाही, आणि हवेशीही नाही. अरबी ‘हौल’ म्हणजे भय, धास्ती. फारसी ‘दिल’ म्हणजे काळीज. उर्दूत ‘हौल-दिल’ म्हणजे छातीत होणारी धडधड. मराठीने ‘हौल’चे ‘हवाल’ केले आणि धडधडीचे नाव धडधड होणाऱ्या माणसाला दिले. आज हा शब्द बोलण्यातून जवळजवळ उठला आहे. घरात कोणी ‘मी हवालदिल झालो’ म्हणत नाही. तो जगला आहे तो वर्तमानपत्रांत, आणि तिथेही बहुतेक वेळा एकाच शब्दाच्या सोबतीने: ‘शेतकरी हवालदिल’. अवकाळी पाऊस, गारपीट, पावसाची ओढ, पडलेले भाव, काहीही असो, मथळा तोच. मराठवाड्याने 1972 चा दुष्काळ पाहिला आणि नंतरचेही पाहिले. तेव्हा शब्दाला काम कमी पडले नाही. तरीही उपसंपादकांनी तो इतका घासला आहे की वाचणाऱ्याच्या काळजात आता त्याने काहीच हलत नाही. मुळात मात्र तो फार नेमका होता. हैराण माणसाला चालू त्रासाने ग्रासलेले असते, तर हवालदिल माणसाला पुढे काय होणार याची धास्ती असते. पीक अजून उभे आहे, आभाळ भरून आले आहे, आणि छाती धडधडते आहे. तो क्षण हवालदिल.

‘जेरीस येणे’ हा या कुळातला चौथा. फारसी ‘ज़ेर’ म्हणजे खाली. उर्दूचे पहिले पुस्तक हाती घेतलेले शहागंजातले पोरही हा शब्द जाणते, कारण अक्षराखाली द्यायच्या इ-काराच्या खुणेचे नावच ज़ेर आहे. अक्षरावर द्यायची अ-काराची खूण म्हणजे ज़बर, आणि उ-काराची खूण पेश. ज़ेर खाली, ज़बर वर, पेश पुढे. या तीन इवल्याशा खुणांनी मराठीला केवढे काय दिले आहे. ज़ेरवरून जेर करणे, जेरीस आणणे, जेरबंद. ज़बरवरून जबरदस्त, म्हणजे ज्याचा हात वर तो. आणि पेशवरून पुढे असणारा तो पेशवा. जेरीस येण्यात दोन बाजू लागतात, एक खाली दाबणारी आणि एक दबणारी. म्हणून हा शब्द लढाईत शोभतो. 1682 मध्ये औरंगाबादेत येऊन दाखल झालेला औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ मरेपर्यंत दख्खनमध्येच राहिला, आणि मराठ्यांनी त्याला जेरीस आणले हे वाक्य शाळेच्या इतिहासातून मराठी मुलांच्या तोंडी बसलेले आहे. औरंगजेबाच्या स्वतःच्या दरबारी भाषेतला शब्द त्याच्याच गोष्टीत असा कामी आला. त्याची कबर खुलताबादला आहे, ज्या गावात पुढे काही दशकांतच सिराज भान हरपून फिरणार होता.

देशी शब्दही काही थोडे नाहीत. मेटाकुटीस येणे, नाकी नऊ येणे, घायकुतीला येणे, त्रेधा उडणे. यांतल्या ‘त्रेधा’चा संस्कृत अर्थ ‘तीन प्रकारे, तीन ठिकाणी’ असा आहे, आणि एकाच वेळी दूध उतू जाते, फोन वाजतो, दारावर कोणी येते, अशा वेळी तो तंतोतंत लागू पडतो. फारसीने मराठीला त्रासाचे शब्द दिले आणि देशी शब्द सुखाकडे राहिले असे म्हणण्याचा मोह होतो, पण या यादीपुढे ते टिकत नाही. एवढे मात्र खरे की आनंदाने, मायेने, आदराने मन काठोकाठ भरते तेव्हा मराठी माणूस फारसीकडे जात नाही. तो गहिवरतो, भारावतो, त्याचा कंठ दाटतो, ऊर भरून येतो. सत्काराला उत्तर देणारा पाहुणा ‘मी भारावून गेलो’ म्हणतो. ‘हैराण झालो’ म्हणाला तर सभेत हशा पिकेल. सभांतून वापरला जाणारा आणखी एक शब्द ‘अभिभूत’. संस्कृतात त्याचा सरळ अर्थ पराभूत, पुरता नमवलेला असा आहे. मराठीत तो हार-तुऱ्यांच्या प्रसंगी वापरला जातो. पराभवाचा शब्द गौरवाचा झाला, आणि आश्चर्याचा शब्द त्रासाचा.

नव्या पिढीने या सगळ्यांवर एकच शब्द काढला आहे: ‘ओव्हरव्हेल्म’. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ओव्हरव्हेल्म व्हायला होते, लग्नाच्या तयारीने होते, आणि मित्रांनी वाढदिवस साजरा केला तरी होते. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी उलथवून पाण्याखाली बुडवणे हे चित्र आहे. मराठीला ते चित्र अनोळखी नाही. ‘बुचकळ्यात पडणे’ हे ‘बुचकळणे’ म्हणजे पाण्यात बुडवून काढणे यावरूनच आले आहे. सोय म्हणून तो शब्द ठीक आहे. पण त्रास आणि गहिवर दोन्हींना एकाच पातेल्यात टाकणारा शब्द वापरला की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, बरे वाटले की वाईट? हैराण आणि भारावलेला यांच्या बाबतीत तो प्रश्न कधी पडत नाही.

परभाषेतले शब्द काढून टाकण्याचे प्रयत्न मराठीत जुने आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या हातून तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात जवळजवळ 1400 फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. तो कोश नावाप्रमाणे राज्यकारभाराचा होता. पदे, कारखाने, शस्त्रे, दफ्तर हे त्याचे विषय. पदांची नावे हुकुमाने बदलता येतात. जीव हैराण होणे हुकुमाने बदलत नाही. माधव जूलियन यांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले, ही मराठी वाङ्मयातली एक गमतीची गोष्ट आहे. हैराण, बेजार, जेरीस हे शब्द त्या चळवळीनंतरही जागचे हलले नाहीत. याच देवाणघेवाणीकडे उर्दूच्या बाजूने पाहणारा माणूस औरंगाबादेतच राहत होता. मौलवी अब्दुल हक 1912 मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे सचिव झाले आणि 1938 मध्ये संस्था दिल्लीला जाईपर्यंत तिचा कारभार या शहरातून चालला. मराठीवरील फारसीच्या प्रभावाबद्दल त्यांनी उर्दूत एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे.

शब्द एकाच दिशेने गेले असेही नाही. दखनीतला ‘नक्को’ हा मराठी ‘नको’ आहे, आणि शहागंजात भाव पटला नाही की तोच ऐकू येतो. सकाळी इथल्या वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर मराठी आणि उर्दू अंक शेजारी शेजारी मांडलेले असतात. पाणी आले नाही की मराठी मथळ्यात लोक ‘हैराण’ होतात, आणि उर्दूत तेच लोक बहुधा ‘परेशान’. फारसीत ‘परेशान’ म्हणजे विस्कटलेले, आणि जुन्या शायरीत तो शब्द प्रेयसीच्या केसांसाठी येतो.